बदनाम गांवें

घरांत मुलांनीं थोडासा गोंधळ मांडला, कीं एखादे आजोबा वर्तमानपत्रांतून डोकें वर काढून विचारतात, "अरे, ही काय मोगलाई आहे?" मुलें क्षणभर चूप होतात आणि आजोबा पुन्हा वर्तमानपत्रांत शिरतात. मोगलाई म्हणजे काय हें मुलांना ठाऊक नसतें. आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आजोबांनाही औरंगजेब आठवत नसतो. ज्या राज्यांत जमिनीच्या साऱ्यापासून मनसबदाराच्या घोड्याच्या डागापर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंद होत असे, त्या राज्याचें नांव आमच्या भाषेंत बेबंदशाहीचें नांव होऊन बसावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

असे शब्द एकट्या मराठींतच आहेत असें नाहीं. इंग्रजी भाषेच्या रोजच्या व्यवहारांत अशीं कितीतरी नांवें रुळलेलीं आहेत. मूळचीं तीं गांवांचीं, प्रांतांचीं किंवा किनाऱ्यांचीं नांवें; परंतु बोलणाऱ्याच्या तोंडीं त्यांचा अर्थ अराजक, दंगल, पळवापळवी असा होतो. गांव राहतें एकीकडे आणि त्याचें नांव जगभर भलत्याच कामावर हिंडत असतें. अशा चार नांवांची हकीकत आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे. प्रत्येक नांवाला आपण तीनच प्रश्न विचारूं. त्या गांवीं खरोखर काय घडत होतें? हा शिक्का त्याच्यावर कोणीं मारला? आणि मूळ गोष्ट संपल्यावरही तो शिक्का पुसला कां गेला नाहीं?

पहिलें नांव अल्सेशिया. लंडनमध्यें फ्लीट स्ट्रीट म्हणून जो प्रसिद्ध रस्ता आहे, त्याच्या दक्षिणेस थेम्स नदीकडे उतरत जाणारा एक लहानसा भाग आहे. तेराव्या शतकापासून तेथें कार्मेलाइट पंथाच्या साधूंचा मठ होता. हे साधू अंगावर पांढरा झगा घेत, म्हणून त्या भागास व्हाइटफ्रायर्स, म्हणजे पांढऱ्या साधूंची जागा, असें नांव पडलें. मध्ययुगांत धर्मस्थानाच्या आश्रयास गेलेल्या माणसाला राजाच्या शिपायांनीं हात लावूं नये असा दंडक होता. १५३८ सालीं आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत हा मठ मोडला. साधू गेले, इमारती पडल्या, पण आश्रयाची वहिवाट मात्र त्या जमिनीला चिकटून राहिली. १६०८ सालीं पहिल्या जेम्स राजानें तेथील रहिवाशांस सनद देऊन कांहीं सवलती पक्क्या केल्या. पुढें गुन्हेगारांना मिळणारा आश्रय कायद्यानें बंद झाला, तरी कर्जबाजारी माणसाला तेथें अभय आहे ही समजूत टिकली, आणि कर्जबाजाऱ्यांच्या पाठोपाठ खोटीं नाणीं पाडणारे, खोटी साक्ष देणारे आणि जुगारी हेही त्याच गल्ल्यांतून दाटीवाटीनें राहूं लागले.

अटक करावयास बेलीफ आला, कीं एकच ओरड होई आणि घराघरांतून माणसें व बायका हाताला मिळेल तें शस्त्र घेऊन धांवत. कोणाच्या हातीं तलवार, कोणाच्या हातीं सोटा, तर कोणाच्या हातीं नुसता केरसुणीचा दांडा. बेलीफ जिवानिशीं परत गेला तरी नशीब. गमतीची गोष्ट अशी, कीं या वस्तीच्या भिंतीला भिंत लागून टेम्पल होतें. म्हणजे इंग्लंडमधील नामांकित बॅरिस्टर व कायदेपंडित यांचें निवासस्थान! एका अंगणांत कायद्याचें अध्ययन चालावें आणि भिंतीपलीकडे कायद्याचें कांहींच चालूं नये, असा तो प्रकार होता. १६९१ सालीं टेम्पलच्या चालकांनीं या वस्तीकडे उघडणारा दरवाजा विटांनीं बुजविण्याचें काम काढलें, तेव्हां वस्तीतील लोकांनीं तें बांधकाम पाडलें आणि मोठी मारामारी होऊन रक्त सांडलें.

आतां या भागाला अल्सेशिया हें नांव कोठून आलें? फ्रान्स आणि जर्मन राज्यें यांच्या सीमेवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. त्याचेंच हें लॅटिन वळणाचें रूप. १६१८ पासून १६४८ पर्यंत युरोपांत जें तीस वर्षांचें युद्ध झालें, त्यांत हा प्रांत आज एका सैन्याच्या ताब्यांत, तर उद्यां दुसऱ्याच्या, असा चिरडून निघाला. तहांत त्याची वांटणी अशा संदिग्ध भाषेंत झाली, कीं तेथें नक्की हुकूम कोणाचा हा वाद पुढेंही चालूच राहिला. कोणाचाच हुकूम चालत नाहीं असा मुलूख म्हणजे आल्सास, ही गोष्ट लंडनकरांच्या कानीं आली आणि त्यांनीं तें नांव आपल्या शहरांतील या वस्तीला बहाल केलें. १६८८ सालीं थॉमस शॅडवेल या नाटककारानें 'अल्सेशियाचा जमीनदार' या अर्थाच्या नांवाचें नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांत तेथील ठगांची सांकेतिक भाषा इतकी भरली होती, कीं छापील पुस्तकाला शब्दांचे अर्थ जोडावे लागले. १६९७ सालीं पार्लमेंटनें कायदा करून व्हाइटफ्रायर्स व लंडनमधील तसलीच इतर आश्रयस्थानें यांचें अभय काढून घेतलें. वस्ती मोडली. पण नाटक होतें, शब्द होता. आणि १८२२ सालीं सर वॉल्टर स्कॉटनें आपल्या एका कादंबरींत ही वस्ती पुन्हा जिवंत केली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडांत कर्ज फेडतां आलें नाहीं तर सावकार कर्जदाराला तुरुंगांत घालूं शकत असे, आणि कर्ज फिटेपर्यंत तो तेथें राही. तुरुंगांत बसलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा, हा विचार कायद्यानें केला नव्हता. ही पद्धत बहुतांशीं बंद झाली ती १८६९ सालीं. म्हणजे अल्सेशियांत जे लोक आले, त्यांतील पुष्कळसे दरोडेखोर नव्हते. गिऱ्हाइकांनीं पैसे बुडविलेले शिंपी, जहाज बुडालेले व्यापारी, चैनींत पैसे उधळलेले तरुण, असे ते होते. कायद्यानें त्यांना बाहेर जागा ठेवली नाहीं, म्हणून कायद्याबाहेरची जागा त्यांनीं पाहिली. या साऱ्यांत बिचाऱ्या आल्सास प्रांताचा अपराध तो काय? दुसऱ्यांचीं सैन्यें त्याच्या अंगावरून गेलीं, हाच!

या नांवाचा शेवट मोठा मौजेचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत जर्मन या शब्दाचाच तिटकारा उत्पन्न झाला होता. तेव्हां जर्मन धनगरी कुत्र्याला जर्मन कसें म्हणावें, असा प्रश्न पडला आणि त्याला अल्सेशियन म्हणण्याची तोड निघाली. इंग्लंडांतील अधिकृत दप्तरांत १९७७ सालीं मूळचें नांव परत आलें. आमच्याकडे मात्र बंगल्याच्या फाटकाशीं भुंकणारा तो अल्सेशियनच राहिला. चोरांच्या वस्तीचें नांव आणि चोरावर सोडावयाच्या कुत्र्याचें नांव एकाच प्रांतावरून यावें, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय!

दुसरें नांव डॉनीब्रूक. इंग्रजींत, विशेषतः अमेरिकेंत, सभेंत किंवा खेळाच्या मैदानावर हातघाईचें भांडण जुंपलें, कीं त्याला डॉनीब्रूक म्हणतात. हें आयर्लंडांतील डब्लिन शहराजवळचें एक खेडें. आतां तें शहरांतच आलें आहे. मूळ आयरिश भाषेंत त्या नांवाचा अर्थ 'ब्रॉकचें देऊळ' असा होतो. १२०४ सालीं जॉन राजानें डब्लिनकरांना तेथें जत्रा भरविण्याची सनद दिली. साडेसहाशें वर्षें ही जत्रा भरत होती. आरंभीं ती घोडे, गुरें, लोकर व कापड यांची पेठ होती. पुढें व्यापार दुसरीकडे गेला आणि मागें उरले दारूचे तंबू, नाचणारे, वाजविणारे आणि सोटे घेऊन फिरणारे गडी. आपल्याकडेही ज्यांनीं एखादी ओसरत चाललेली जत्रा पाहिली असेल, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. शेवटीं १८५५ सालीं ज्या घराण्याकडे जत्रेचा हक्क होता, त्याला तीन हजार पौंड देऊन तो हक्क विकत घेण्यांत आला आणि जत्रा बंद झाली.

आतां तेथें मारामाऱ्या होत नव्हत्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु डॉनीब्रूकची कीर्ति जगभर नेली कोणीं? पुष्कळ अंशीं ती नेली इंग्रज प्रवाशांनीं, चित्रकारांनीं व विनोदी लेखकांनीं. आयरिश माणूस म्हणजे दारूबाज, भांडकुदळ आणि हंसतमुख, असा एक ठसा त्यांना हवा होता; आणि ज्या लोकांवर आपण राज्य करीत आहों ते स्वतःवर राज्य करण्यास नालायक आहेत, हें त्या ठशावरून आपोआपच सिद्ध होत होतें. ज्या दशकांत या जत्रेचीं हास्यचित्रें इंग्रज घरांतून पाहिलीं जात होतीं, त्याच दशकांत, १८४५ नंतर, बटाट्याचें पीक कुजून आयर्लंडांत सुमारें दहा लक्ष माणसें दुष्काळानें व रोगराईनें मेलीं. इंग्रजी भाषेला दुष्काळाच्या एकाही आयरिश गांवाचें नांव रोजच्या बोलण्यांत घ्यावेंसें वाटलें नाहीं. जत्रेच्या गांवाचें मात्र वाटलें. नभोवाणीच्या श्रोत्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीचें व दूरचित्रवाणीचें मोठें केंद्र पुढें याच डॉनीब्रूकला उभें राहिलें. तेथून बातम्या सांगणारा निवेदक अत्यंत शांत आवाजांत बोलतो!

तिसरें नांव शांघाय. आणि याची कथा सर्वांत अन्यायाची आहे. इंग्रजींत शांघाय हें नुसतें नाम नाहीं, क्रियापद आहे. एखाद्याला फसवून किंवा जबरदस्तीनें कामाला जुंपलें, तर त्याला 'शांघाय केलें' असें म्हणतात. ऐकणाऱ्यास वाटावें, कीं चीनमधील या बंदरांत माणसें पळविण्याचा धंदा होता. वस्तुस्थिति अशी, कीं ज्या पळवापळवीवरून हा शब्द निघाला ती चालत होती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आणि तिचें माहेरघर होतें सॅनफ्रान्सिस्को.

१८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. सॅनफ्रान्सिस्कोच्या बंदरांत जहाज लागलें, कीं खलाशी उडी टाकून सोन्याच्या खाणीकडे पळत. शेंकडों जहाजें माणसांवांचून तशींच बंदरांत कुजत पडलीं; कांहींचीं तर दुकानें व खाणावळी झाल्या. मग परतीच्या सफरीला माणसें आणावयाचीं कोठून? येथें पुढें आले खलाशांच्या खाणावळींचे मालक. जहाजाच्या कप्तानाला हवीं तितकीं माणसें मोजून देण्याचा मक्ता ते घेत. गुत्त्यांत दारूंत गुंगीचें औषध घालून किंवा डोक्यांत सोटा हाणून माणूस बेशुद्ध करावयाचा, होडींत टाकून जहाजावर पोंचवावयाचा आणि पैसे घ्यावयाचे. शुद्धीवर येईतों जहाज समुद्रांत गेलेलें असे. शांघाय हें त्या लांबच्या सफरींपैकीं एक नेहमींचें ठिकाण, म्हणून अमुक माणूस दिसत नाहीं, तो शांघायला गेला असेल, असें लोक म्हणूं लागले. आणि त्याचेंच पुढें क्रियापद झालें.

यांतील गोम अशी, कीं हा धंदा केवळ गुंडगिरीवर चालत नव्हता. त्याला कायद्याचा टेकू होता. खलाशाच्या पुढील पगारांतून आगाऊ रक्कम कापून ती खाणावळीच्या मालकाला देण्याची मुभा होती; म्हणजे पळविलेल्या माणसाची किंमत त्याच्याच पगारांतून वसूल होई. करारावर एकदां नांव चढलें, मग तें कोणीं कसेंही चढविलेलें असो, कीं जहाज सोडणें हा गुन्हा ठरे आणि त्याबद्दल तुरुंग मिळे. १८९५ व १८९८ सालीं या गोष्टींना कायद्यानें कांहींसा आळा बसला. अँड्र्यू फ्यूरुसेथ या नॉर्वेंतून आलेल्या खलाशानें खलाशांच्या संघातर्फें वर्षानुवर्षें खटपट केली आणि १९१५ च्या कायद्यानें या प्रकाराची पाळेंमुळें खणून काढलीं. मध्यंतरीं वाफेचीं जहाजें आल्यामुळें शिडांवर चढणाऱ्या माणसांची गरजही कमी झाली होती.

सॅनफ्रान्सिस्कोंतील ज्या मोहल्ल्यांत हे गुत्ते होते, त्यालाही लोक बार्बरी किनारा म्हणत. हें नांव उत्तर आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून चांचे निघत त्याचें. म्हणजे अमेरिकेंतील पापाचा मोहल्ला आफ्रिकेच्या नांवानें आणि अमेरिकेंतील पळवापळवी चीनच्या नांवानें! शांघायच्या बाबतींत तर क्रूर विनोद झाला. हें बंदर परकी व्यापाराला उघडलें तेंच मुळीं अफूच्या युद्धानंतर, १८४२ च्या तहानें, तोफांच्या धाकाखालीं. आणि त्या अफूचा मोठा वांटा माळव्यांत पिकून आमच्या मुंबई बंदरांतून चीनकडे जात होता. ज्या शहरावर परक्यांनीं जबरदस्ती केली, त्याचेंच नांव जबरदस्तीचें क्रियापद झालें.

चौथें नांव डॉज सिटी. संकट दिसूं लागलें, कीं अमेरिकन माणूस म्हणतो, चला, डॉजमधून काढता पाय घेऊं. कॅन्सस संस्थानांतील हें गांव १८७२ सालीं आगगाडीबरोबर वसलें. प्रथम तेथें रानरेड्यांच्या कातड्यांचा व्यापार होता. मग टेक्सासमधून हांकून आणलेल्या गुरांचे कळप तेथून आगगाडींत चढूं लागले. महिनेन् महिने घोड्यावर काढलेले गुराखी पगार हातांत घेऊन गांवांत येत. मग दारू, जुगार आणि बंदुका यांना काय तोटा! १८८५ च्या सुमारास गुरांच्या रोगाच्या भीतीनें कॅन्ससनें टेक्सासच्या गुरांना बंदी केली आणि हा सारा दहा वर्षांचा खेळ आटोपला.

या दहा वर्षांत प्रेतांचे खच पडत होते काय? रॉबर्ट डिकस्ट्रा या इतिहासकारानें १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत कॅन्ससच्या पांच गुरांच्या गांवांतील खुनांची मोजदाद केली. १८७० ते १८८५ या काळांत पांचही गांवें मिळून त्याला पंचेचाळीस खून आढळले. गांवें हजार-बाराशें वस्तीचीं होतीं, हें ध्यानांत घेतां हें प्रमाण कांहीं थोडें नव्हे, आणि तसा आक्षेप इतर अभ्यासकांनीं घेतलाही आहे. परंतु पडद्यावर एका संध्याकाळीं जितकीं माणसें पडतात, तितकीं एका वर्षांतही पडत नव्हतीं. उलट, गांवांत शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई आहे, असा भर रस्त्यावर लावलेला फलक त्या काळच्या छायाचित्रांत दिसतो. बेबंदशाहीचें नमुनेदार गांव म्हणून ज्याची ख्याति, त्यानें वेशीवर बंदुका काढून ठेवावयास लावल्या होत्या! मग ही ख्याति झाली कशी? याचें थोडें पाप आमच्या नभोवाणीच्याही माथीं आहे. १९५२ सालीं अमेरिकन नभोवाणीवर 'गनस्मोक' नांवाची श्रुतिकांची माला सुरू झाली. तिचें स्थळ डॉज सिटी. १९५५ पासून १९७५ पर्यंत तीच माला दूरचित्रवाणीवर चालली. खरें डॉज दहा वर्षें धुमसलें. खोटें डॉज वीस वर्षें दर आठवड्याला पेटत राहिलें. लोकांच्या ध्यानांत राहिलें तें दुसरें.

चारही हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे कांहीं गोष्टी स्पष्ट दिसतात. एक म्हणजे, बदनामीचें नांव त्या गांवानें स्वतः घेतलेलें नसतें. तें बाहेरच्यानें दिलेलें असतें, आणि देणाऱ्याचा त्यांत कांहीं ना कांहीं लाभ असतो. दुसरी त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं ज्याला आपण कायद्याचा अभाव म्हणतों, तो पुष्कळदां कायद्यानेंच उत्पन्न केलेला असतो. कर्जाच्या कायद्यानें अल्सेशिया भरलें; खलाशांच्या करारानें माणसें पळविण्याला भाव आणला; राजाच्या सनदेनें जत्रेला अभय दिलें. अराजकाचें खापर गांवाच्या नांवावर फोडलें, म्हणजे कायदा करणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. शिक्का टिकतो तो यासाठीं.

आणि आतां आपल्या घरीं परत येऊं. मोगलाई हा शब्द आम्ही दुसऱ्याला लावला. आमच्या नांवाचें दुसऱ्यांनीं काय केलें? १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम यांची फौज बंगालवर चालून गेली. त्या भीतीनें कलकत्त्याच्या लोकांनीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाला आणि काम थांबलें, कारण मराठे कलकत्त्यास आलेच नाहींत. पुढें १७५६ सालीं सिराजउद्दौल्यानें शहर घेतलें, तेव्हांही त्या खंदकानें कांहीं वांचलें नाहीं. तो बुजवून त्याच्या जागीं रस्ता झाला. परंतु 'मराठा खंदक' हें नांव इंग्रजींत इतकें रुळलें, कीं कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांनाच खंदकवाले असें टोपणनांव पडलें; आणि बागबाजारांतील एका गल्लीला तें नांव अजून आहे.

कलकत्त्यास मराठे गेले नाहींत हें खरें. पण राढ प्रांतांतील खेड्यांत ते गेले, आणि जाळपोळ व लूट करीत गेले, हेंही तितकेंच खरें. गंगाराम नांवाच्या समकालीन बंगाली कवीनें आपल्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यांत त्याचें वर्णन करून ठेविलें आहे. आमच्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, इभ्रतीचा शब्द. बंगालींत त्याचाच अपभ्रंश 'बर्गी'. तेथील आया अडीचशें वर्षें या बर्गींची भीति घालून मुलांना झोंपवीत आल्या आहेत.

म्हणून पुढल्या वेळीं मुलांच्या गोंधळाला कंटाळून आपल्या तोंडीं मोगलाई हा शब्द येईल, तेव्हां तो खुशाल येऊं द्यावा. भाषेंतून शब्द हांकून देतां येत नाहींत. मात्र त्याच वेळीं बंगालमधील एखाद्या घरांत एक आई दिवा मंद करून आपल्या मुलाला बर्गी आल्याचें सांगत असेल, आणि तें मूल आमच्याच पणजोबांच्या भीतीनें डोळे मिटून घेत असेल, एवढें ध्यानांत असावें.